शिडीची तिसरी पायरी

व्हॅनच्या दारावरचं नाव आता अर्धंच वाचता येतं:
इदवल प्रॉसर, बागकाम.
फोन नंबरातले शेवटचे दोन आकडे
मागल्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने खाल्ले.
पुन्हा रंगवून घेतले नाहीत.
ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे,
आणि नवं गिऱ्हाईक, खरं सांगायचं तर, नकोच.

एकट्याचा धंदा.
मालक मीच, गडी मीच.
रजा मागायची तर आरशात बघून मागायची,
आणि मालक भलता खडूस,
चौतीस वर्षांत एकदाही हो म्हणाला नाही.
आता गडीच विचारेनासा झालाय.
सकाळी बूट चढवतो तेही नाडी न सोडता;
सोडली की बांधायला वाकावं लागतं.

सोमवारी मेरिएलची बाग असायची.
ती गेली. मुलगा स्वॉन्झीहून आला, घर विकून गेला,
नव्या लोकांनी वाफ्यांवर खडी पसरली.
सोमवार मी तसाच मोकळा ठेवलाय.
गुडघ्यांना सांगितलं, हा तुमचा.

विम्याचा कागद दरसाल एकच विचारतो:
उंचीवर काम करता का?
पूर्वी ठोकून 'हो' लिहायचो, वरचे पैसे भरायचो.
आता पेन थोडा वेळ हवेतच राहतं.
किती वर गेलं म्हणजे उंची?
शिडीला सात पायऱ्या आहेत.
साठीपर्यंत सातवीवर उभा राहून
शीळ घालत कात्री चालवायचो.
सध्या तिसरी.
तिसरीवरून जग फारसं वेगळं दिसत नाही,
फक्त खाली उतरताना
पाय जमीन शोधतो, अंधारात चप्पल शोधावी तसा.

मिसेस गिटिन यांचं हॉथॉर्नचं कुंपण:
ह्यूने, त्यांच्या नवऱ्याने, सांगून ठेवलेलं, नऊ फूट.
समुद्राचा वारा अडला पाहिजे.
ह्यूला जाऊन बारा वर्षं झाली
आणि मी दोरी ताणून नऊ फूट राखत आलो.
मग एका वर्षी हात पोचेना,
वीतभर खाली घेतलं. बोललो नाही.
पुढल्या वर्षी आणखी वीत.
वारा आत यायला लागला,
त्यांची डेल्फिनियमं आडवी पडली.
काठ्या रोवून ती बांधून दिली, त्याचे पैसे लावले नाहीत.
चूक कुणाची ते मला माहीत होतं.

या सप्टेंबरात त्या चहा घेऊन बाहेर आल्या.
एका हातात काठी, दुसऱ्यात मग,
अर्धा चहा वाटेवर सांडलेला.
"चार वर्षं तू मला फसवतोयस, इदवल."
मी कात्री खाली केली.
केसांत पानं, बाहीत काटे,
एक गिऱ्हाईक गेलं असं धरून चाललो.
मंगळवारचा अर्धा दिवस गेला.

"स्वयंपाकघरातून आता पाणी दिसतं," त्या म्हणाल्या.
"आधी वाटलं, चश्म्यावर काही आहे. रेघ.
मग रेघेची पट्टी झाली.
परवा एक होडी गेली. लाल.
ह्यूला हे चाललं नसतं."
मग जरा थांबून,
कुंपणाकडे नाही, माझ्याकडे बघत:
"अजून किती खाली येशील?"

काय सांगणार.
कमरेशी थांबेन म्हटलं,
आणि दोघंही हसलो,
त्या आधी, मी मागून.

शिडी टपावर चढवताना डावा खांदा बोलला.
त्याला उत्तर देत बसलो नाही.
त्या दारात उभ्या, नाणी मोजून देत होत्या,
तासाला बारा पौंड, ह्यूच्या वेळचा भाव.
आज तेरा करायचे असं ठरवून आलो होतो,
येताना गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.
आठवलं तेव्हा
टेकडी उतरून पुलापाशी पोचलो होतो.